छत्तीस पॉइंट दोन

"किती?" ठकूमावशीनं विचारलं.

मी थर्मामीटर पदराला पुसला, परत पोरीच्या काखेत धरला, तिचा काडीएवढा दंड वरून दाबला आणि तो वाजायची वाट बघत बसले. पहिल्यांदा छत्तीस पॉइंट एक आला होता. दुसऱ्यांदा छत्तीस पॉइंट दोन आला.

"अगं यमे, किती ते सांगशील का न्हाई?"

"छत्तीस."

"मग? ते बरं का वाईट?"

मी पिशवीतून कार्ड काढलं. प्रशिक्षणात प्रत्येक आशा कार्यकर्तीला ते दिलं होतं. मला ते पाठ होतं, तरी काढलं, कारण डोळ्यांनी बघितल्याशिवाय तोंडातून शब्द निघेना. सत्त्याण्णव ते नव्व्याण्णव, बाळ ठीक. पंच्याण्णव ते सत्त्याण्णव, बाळ थंड पडतंय, ऊब द्या. पंच्याण्णवच्या खाली लाल पट्टा होता आणि त्यात दवाखान्याचं चित्र. छत्तीस तर त्या लाल पट्ट्याच्या कुठल्या कुठे खाली होतं.

"गोरख!" मी ओरडले. "गाडी काढ. पोरीला तालुक्याला न्यायचं. आत्ताच्या आत्ता."

ही गोष्ट तेरा वर्षांपूर्वीची, पौषातली. मी आमच्या गावची आणि वरच्या तीन वाड्यांची आशा होते. बाळंतपण झालं की घरी जायचं, बाळाचं वजन करायचं, ताप बघायचा, आईला चार गोष्टी सांगायच्या, हे माझं काम. गभाल्यांची वाडी सगळ्यात उंचावर. तिथं रंजना गभाले बाळंत झाली होती. मुलगी झाली, पण वजन दोन किलो शंभर. इतकं बारकं पोर, त्यात थंडीचे दिवस, म्हणून मी तिकडे जास्त फेऱ्या मारत होते. त्या दिवशी पोरीचा सहावा दिवस होता.

घरात माणसं चार. रंजना, तिचा नवरा गोरख, सासू ठकूमावशी आणि ती पोर. गोरख अंगणात लाकडं फोडत होता. माझी हाक ऐकून तो कुऱ्हाड हातात घेऊनच दारात आला.

"काय झालं, ताई?"

"पोर थंड पडलंय. छत्तीसवर आलंय. माझ्या तोंडाकडं काय बघतोस? गाडी काढ!"

तो एकदा माझ्याकडं आणि एकदा रंजनाकडं बघत राहिला. मग कुऱ्हाड भिंतीला टेकवून गोठ्याकडं गेला. तिथं त्याची मोटारसायकल असायची. थोड्या वेळानं किक मारल्याचा आवाज आला. गाडी घुर्रर्र करून गप्प झाली.

ठकूमावशी तोवर पोरीशेजारी बसली होती. तिनं दुपट्यात हात घालून पोट चाचपलं, तळपाय चाचपले.

"यमे, पोर ऊन हाय गं. हात लावून बघ."

"मावशी, हात खोटं बोलतो."

"माझा हात? अगं या हातानं वाडीतली निम्मी पोरं न्हाऊ घातली!"

"तुझा बोलतो, माझाही बोलतो. आपलेच हात गार असले की समोरचं ऊनच लागतं. यंत्र खोटं बोलत नाही."

हे वाक्य माझं नव्हतं, आमच्या प्रशिक्षणातल्या मॅडमचं होतं. पण ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं, आणि त्याला कारण होतं. आदल्या माघात खालच्या वाडीत एका पोराचा आकडा चौऱ्याण्णव आला होता. मी हात लावून बघितलं तर ठीक वाटलं, म्हणून तासभर बसून राहिले. ते पोर कसंबसं वाचलं. दवाखान्यातले डॉक्टर मला सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, अजून अर्धा तास उशीर केला असता, तर पोर गेलं असतं, आणि ते तुमच्या माथी आलं असतं." तेव्हापासून दुधानं तोंड भाजलं की ताकही फुंकून प्यावं तसं माझं झालं होतं. थांबायचं नाही, एवढंच मला ठाऊक होतं.

बाहेर गोरख किका मारत होता. गाडी नुसती खोकत होती.

"रंजना, ऊठ," मी म्हणाले. "टोपरं घाल तिला. पोरगी छातीशी बांध, वरून गोधडी घे. मी मागं बसते, तू मधे."

रंजना उठली नाही. तिनं पोरीला उचललं, चोळीत घेतलं आणि वरून पदर ओढून घेतला.

"मी नाही नेणार."

"काय?"

"त्या रस्त्यानं नाही नेणार, ताई. काहीही झालं तरी."

मला राग आला, आणि तो का येतोय तेही कळत होतं. तिचं मी काय खोडून काढणार होते? दोन वर्षांपूर्वी तिचा पहिला मुलगा चौथ्या दिवशी तापानं फणफणला होता. श्रावणातला पाऊस, गोरख गाडी चालवतोय, ही मागं पोराला पोटाशी धरून. वाडीपासून डांबरी रस्त्यापर्यंत नऊ किलोमीटरचा कच्चा उतार. रुग्णवाहिका बोलवावी तर मोबाईलला रेंज फक्त टेकडीवर, आणि गाडी येणार ती डांबरीपर्यंतच. डांबरी यायच्या आतच पोर गेलं. वाटेत कधी गेलं तेही हिला कळलं नाही. तसंच पोटाशी धरून ती दवाखान्यापर्यंत गेली होती.

"तेव्हा पाऊस होता गं," मी आवाज खाली आणला. "आता पाऊस नाही."

"वारा आहे. बाहेर ऐका की. थंड पडलेल्या पोराला वाऱ्यात नेलं तर ते ऊन होणार आहे का?"

"आणि घरात ठेवून मेलं तर?"

हे मी बोलायला नको होतं. ठकूमावशी एकदम ओरडली, "जिभेला हाड हाय का तुझ्या! आज पोरीची सटी हाय, आज असलं बोलतीस?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते या दोघींना दिसू नये म्हणून कार्डाकडंच बघत राहिले. नेलं तर वाऱ्यानं मरेल, ठेवलं तर थंडीनं मरेल, आणि काय करायचं ते सांगायचं काम माझं. पगारी माणूस असतं तर कुणाला तरी विचारलं असतं. आम्हा आशांना विचारायलाही टेकडी चढावी लागायची.

रंजनानं पदर थोडा बाजूला केला. पोरगी चुपूचुपू दूध ओढत होती.

"ताई, छत्तीस म्हणजे किती थंड असतं?"

"म्हणजे?"

"म्हणजे, माणूस मेल्यावर किती असतं? ही तर पितीय. मघाशी दुपटं सोडलं तर केवढ्यांदा रडली. पाय गुलाबी आहेत. मग सत्त्याण्णवाचं छत्तीस झाल्यावर माणूस पितं कसं?"

मी परत कार्ड बघितलं. कार्डावर लाल पट्ट्याच्या खाली काही लिहिलेलंच नव्हतं. आणि मला उत्तर येत नाही म्हणून मी अजूनच तडकले.

"ते मला काय माहीत? मी काय डॉक्टर आहे?"

"मग तुमचा बघा की किती येतो," रंजना म्हणाली.

"माझा कशाला? मला काय धाड भरलीय?"

"बघ गं," ठकूमावशी म्हणाली. "न्हाई तरी तो गाडी सुरू करीस्तवर काय करणारेस?"

मी चिडूनच थर्मामीटर काखेत कोंबला. बाहेर किका चालूच होत्या. यंत्र वाजलं. मी काढून बघितलं, डोळे चोळून परत बघितलं.

"किती?"

"छत्तीस पॉइंट नऊ."

ठकूमावशी माझ्या तोंडाकडं बघायला लागली. मग तिनं स्वतःच हात पुढं केला. "आण हिकडं. मला लाव." तिला लावला. छत्तीस पॉइंट चार.

"म्हंजे मी तुझ्यापरीस जास्त मेले," ती म्हणाली. "घरात सगळीच मढी बसलोय की गं!"

रंजनाला हसू फुटलं. त्या घरात तिला हसताना मी पहिल्यांदा बघत होते. मला मात्र हसू येईना. मी यंत्र खिडकीशी नेलं आणि तिरकं करून बघितलं. आकड्याच्या शेजारी मुंगीएवढं इंग्रजी अक्षर असतं. त्याच्याकडं मी दोन वर्षांत कधी नीट लक्ष दिलं नव्हतं. तिथं नेहमीचं एफ नव्हतं. सी होतं.

"रंजना, हे बघ गं. सी म्हणजे काय?"

"सेल्सिअस!" ती जागेवरूनच म्हणाली. "ताई, हे सेल्सिअस दाखवतंय. तुमचं कार्ड फॅरनहाइटचं असणार."

रंजना आश्रमशाळेत शिकून दहावी झाली होती. मी सातवी. आमच्या प्रशिक्षणात ताप म्हणजे सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव, शंभर, एवढंच. त्याला दुसरं माप असतं हे कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. मग मला सकाळचं आठवलं. चढ चढून आले तेव्हा बोटं गारठली होती. बटण दाबलं तरी यंत्र उजळेना, म्हणून मी ते चांगलं दाबून धरलं होतं, कोंबडीचं नरडं दाबावं तसं. बहुतेक तिथंच गफलत झाली होती. मी परत बटण दाबून बघितलं. यंत्र बंद झालं, परत चालू झालं, सी तसाच. बंद यंत्राचं बटण दाबून धरलं की माप उलटसुलट होतं, हे मला पंधरा दिवसांनी मॅडमनी दाखवलं. त्या दिवशी आम्ही अंधारातच होतो.

"म्हणजे पोर बरी हाय ना?" ठकूमावशीनं विचारलं.

मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. माझा छत्तीस पॉइंट नऊ. पोरीचा छत्तीस पॉइंट दोन. पोरगी माझ्यापेक्षा थंडच होती. लाल पट्ट्यात नसली तरी ऊब द्या म्हणतात त्या पट्ट्यात असली तर? किंवा लाल पट्ट्याच्या अगदी काठावर? दोन किलोचं पोर, त्याला काठावरून घसरायला किती वेळ लागतो?

"आधी हे कार्डाच्या मापात आणायला पाहिजे," मी म्हणाले. "रंजना, येतं तुला?"

"आम्हाला होतं ते. नऊ होते त्यात. आणि पाच. आणि बत्तीस." तिनं डोळे मिटले. "बत्तीस मिळवायचे, नवानं गुणायचं, पाचानं भागायचं... असंच काहीतरी."

"असंच काहीतरी नको गं बाई. नीट आठव."

"तोंडी नाही जमणार. कागद द्या."

माझी वही मी त्या दिवशी आरोग्य केंद्रात भरायला दिली होती, आणि कार्डावर प्लास्टिक चढवलेलं, त्यावर लिहिता येईना. घरात कागद शोधायचा तर चुलीजवळ एक पंचांग, तेही काळंमिट्ट झालेलं. आणि मग आम्हा दोघींची नजर एकाच वेळी कोपऱ्यात गेली. तिथं ठकूमावशीनं सकाळीच सूप मांडून ठेवलं होतं. नारळ, सुपारी, हळकुंड, आणि वर एक कोरा कागद आणि नवा पेन. सहाव्या रात्री सटवाई येते आणि त्या कागदावर बाळाचं नशीब लिहून जाते, म्हणून कागद कोरा ठेवायचा. बोट लागलेलंही चालत नाही.

"न्हाई," ठकूमावशी म्हणाली. आम्ही काही विचारलंही नव्हतं.

"आत्या, एकच कागद आहे घरात."

"म्हणूनच न्हाई. तिला काय देऊ मग रात्री? हवेत लिव्ह म्हणू?"

"मावशी," मी म्हणाले, "ती लिहायची तेव्हा लिहील. पण तोवर पोर राहायला पाहिजे ना."

मघाशी ती माझ्यावर ओरडली होती. या वेळी ओरडली नाही. पदर डोक्यावर घेतला, सुपाला हात जोडले, पुटपुटली काहीतरी. मग कागद आणि पेन उचलून सुनेच्या हातात दिले.

"लिव्ह. पर चुकू नगंस."

रंजनानं पोर माझ्याकडं दिलं नाही. एका हातानं तिला छातीशी धरलं, मांडीवर पाट घेतला आणि लिहायला लागली. छत्तीस पॉइंट दोन, त्यात बत्तीस मिळवले, अडुसष्ट पॉइंट दोन. नवानं गुणलं, पाचानं भागलं.

"एकशे बावीस," ती म्हणाली आणि तिचा चेहरा उतरला.

"किती?"

"एकशे बावीस पॉइंट सात."

"अगं बया!" ठकूमावशी म्हणाली. "मघाशी मढं होती, आता तिच्यावर भाकरी भाजायची का?"

"चुकलंय कुठंतरी," रंजना पुटपुटली. "आधी गुणायचं आणि मग मिळवायचं का? का आधीच..."

"तुला नक्की ठाऊक नाही," मी म्हणाले. माझा धीर सुटत चालला होता. बाहेर गोरखची गाडी परत खोकली. मला वाटलं, हे सगळं सोडावं आणि पोरीला घेऊन सरळ चालत सुटावं.

"थांबा," रंजना म्हणाली. "सरांनी एक गोष्ट सांगितली होती. सूत्र विसरलात तर पाण्याला विचारा. बर्फ एका मापात शून्य, दुसऱ्या मापात बत्तीस. उकळतं पाणी एका मापात शंभर आणि दुसऱ्या मापात दोनशे बारा. हे मला पक्कं आठवतंय."

"मग?"

"मग बर्फ घालून बघू." तिनं शून्य लिहिलं. "आधी बत्तीस मिळवले, मग गुणलं-भागलं, तर सत्तावन्न येतात. चूक. आधी गुणलं तर शून्यच राहतं, मग बत्तीस मिळवले की बत्तीस. बरोबर." पेन भरभर चालायला लागला. "आता शंभर. नवानं गुणून नऊशे, पाचानं भागून एकशे ऐंशी, त्यात बत्तीस. दोनशे बारा! ताई, आधी गुणायचं! बत्तीस शेवटी!"

"ह्ये बत्तीस आले कुठनं पर?" ठकूमावशीला ते बत्तीस काही पटत नव्हते.

"आत्या, ऊब एकच. मोजणारे दोघं. एकानं बर्फापासून मोजायला सुरुवात केली. दुसरा त्याच्याही खालून मोजत आला, बर्फापाशी पोचेस्तोवर त्याचे बत्तीस झाले होते. आणि याच्या पाच पायऱ्या म्हणजे त्याच्या नऊ. त्याच्या पायऱ्या बारक्या आहेत."

"म्हंजे पायलीनं मापलं काय नि किलोनं मापलं काय, तांदूळ तेवढंच."

"तेवढेच."

"मग दोन मापं कशाला ठेवलीत मेल्यांनी?"

मला अजून खात्री पटत नव्हती. पाण्याला जमलं म्हणून माणसाला जमेल कशावरून? मी म्हणाले, "रंजना, पोरीचं नको काढूस अजून. आधी माझं काढ. माझा आकडा मला माहीत आहे." प्रशिक्षणात आम्ही एकमेकींना लावून शिकलो होतो, आणि नंतरही सरावासाठी मी घरी स्वतःला लावून बघायची. कायम अठ्ठ्याण्णव पॉइंट चार, नाहीतर त्याच्या एखादा पॉइंट पुढं-मागं.

तिनं छत्तीस पॉइंट नऊ लिहिलं. नवानं गुणून तीनशे बत्तीस पॉइंट एक. पाचानं भागून सहासष्ट पॉइंट बेचाळीस. बत्तीस मिळवले.

"अठ्ठ्याण्णव पॉइंट चार," ती म्हणाली.

मी नुसती मान हलवली. तिनं मला विचारलंही नाही, लगेच पोरीचा आकडा घेतला. मी कागदावर वाकले, ठकूमावशी माझ्या खांद्यावरून वाकली. तिला अक्षरओळख नव्हती, तरी ती एकेक आकड्याकडं बघत होती. तीनशे पंचवीस पॉइंट आठ. भागून पासष्ट पॉइंट सोळा. बत्तीस.

"सत्त्याण्णव. सत्त्याण्णव पॉइंट एक, सोळा म्हणा," रंजना म्हणाली. मग तिनं माझ्याकडं बघितलं. "कार्ड काय म्हणतंय, ताई?"

"सत्त्याण्णव ते नव्व्याण्णव, बाळ ठीक," मी वाचलं. पाठ होतं, तरी बोट ठेवून वाचलं. "ठीक आहे गं. काठावर आहे, पण ठीक आहे. ठीक आहे!"

ठकूमावशी मटकन खाली बसली. "सटवाई, माझी बाई," म्हणून तिनं जमिनीला डोकं टेकवलं. माझा जीव असा भांड्यात पडला की मला आधी हसू आलं, मग रडू आलं, मग दोन्ही एकदम. रंजना रडली नाही, हसलीही नाही. ती पोरीच्या टाळूवर हनुवटी टेकवून डोळे मिटून बसली.

"परत सांगा," ती म्हणाली.

"काय?"

"किती आहे ते."

"सत्त्याण्णव पॉइंट एक."

"अजून एकदा."

मी चार वेळा सांगितलं. पाचव्यांदा ठकूमावशीनं सांगितलं.

मग आम्ही कामाला लागलो. काठावर म्हणजे काठावरच, हे मी विसरले नव्हते. रंजनाच्या उघड्या छातीवर पोरीला नागवं निजवलं, वरून गोधडी, पोरीच्या डोक्यावर टोपरं. दाराला पोतं लावलं. ठकूमावशीनं शेगडी आणली, ती मी धुरामुळं बाहेर ठेवायला लावली, त्यावरून आमचं परत एकदा वाजलं. तासाभरानं लावलं तर छत्तीस पॉइंट सहा. मी कागद मागितला. रंजना म्हणाली, "कशाला? पॉइंट चार चढला, म्हणजे त्या मापात पॉइंट सात. बत्तीस परत मिळवायचे नाहीत, ते एकदाच. सत्त्याण्णव पॉइंट आठ." मला तेव्हा ते कळलं नाही. घरी जाऊन चुलीपुढं राखेत रेघोट्या मारल्या तेव्हा कळलं.

या सगळ्यात गोरख कुणाच्या लक्षातच राहिला नव्हता. सत्त्याण्णवचा आकडा निघाल्यावर मी दारातून ओरडून सांगितलं होतं, "राहू दे रे, नाही जायचं, पोर बरी आहे!" किका थांबल्या होत्या. पण तो आत काही आला नाही. जेवायला हाक मारली तेव्हा आला, खाली मान घालून पिठलं-भाकरी खाल्ली, बायकोजवळ जाऊन गोधडीचा कोपरा उचलून पोरीकडं बघितलं आणि परत बाहेर गेला. मला वाटलं, बापई माणूस, लाजत असेल.

चार वाजता मी निघाले. शेवटचा आकडा छत्तीस पॉइंट आठ होता. ठकूमावशीनं शेरभर नाचणी बांधून दिली आणि गोरखला म्हणाली, "सोड रं हिला खाली. सकाळधरनं दमली बाई."

"गाडी कुठं सुरू होतीय?" मी म्हणाले. "जाते मी चालत."

गोरख गाडीकडं गेला. खाली वाकला, आणि एक किक मारली. गाडी चट्कन सुरू झाली.

"अगं बाई! लागली की एका झटक्यात!"

तो बस म्हणाला, मी बसले. वाडीचं खालचं वळण आलं. तिथून पुढं तो लांबलचक उतार दिसतो. त्या वळणावर त्यानं गाडी बंद केली.

"ताई, पेट्रोलचा कॉक बंद होता."

"असतो कधी कधी. लक्षात राहत नाही घाईत."

"मीच केला होता बंद."

मी मागंच बसले होते. त्याचं तोंड मला दिसत नव्हतं, नुसती मान दिसत होती.

"तुम्ही गाडी काढ म्हणालात ना, मी गोठ्यात गेलो आणि आधी कॉक बंद केला. नळीत होतं तेवढ्यावर ती खोकली. मग नुसत्या किका मारत बसलो. तुम्हाला ऐकू जाव्यात म्हणून जोरजोरात. आणि मनात म्हणत होतो, देवा, सुरू नको होऊस. मला परत तिला मागं बसवून हा उतार उतरायचा नव्हता. मागून आवाज यायचा बंद झाला की कळतं ताई. मागच्या वेळी मला कळलं होतं. रंजीला नंतर कळलं, मला आधीच कळलं होतं. तरी मी गाडी थांबवली नाही."

मी मांडीवरचं नाचणीचं गाठोडं घट्ट धरलं.

"आणि पोर खरंच थंड पडलेली असती तर?" तो म्हणाला. "मी किका मारत बसलो असतो आणि ती तिकडं आत जिवानिशी गेली असती. मी मारलं असतं तिला. तुम्ही 'बरी आहे' म्हणून ओरडलात ना, तेव्हापासून हेच चाललंय डोक्यात. आत यायचं धाडस होईना."

"अरे वेड्या," मी म्हणाले, "आणि तुझी गाडी सुरू झाली असती तर? ठणठणीत पोर मी या वाऱ्यात काढून नेली असती. काठावरची पोर. नऊ किलोमीटर. मग मी मारली असती की नाही?"

त्यानं मागं वळून बघितलं. इतका वेळ त्याला हे सुचलंच नव्हतं.

"मी बटण दाबलं, तू कॉक फिरवलास," मी म्हणाले. "दोघांचं एकमेकांत फिटलं. मधे तुझ्या बायकोला दहावीचं गणित आठवलं, म्हणून आपण इथं उभे आहोत. तिचे पाय धर घरी जाऊन."

तो हसला आणि हसता हसताच गाडी स्टँडवर घेऊन उतरला, रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला आणि तोंड दोन्ही हातांत घेऊन हमसून हमसून रडायला लागला. दोन वर्षांचं रडणं होतं ते, मधे मधे हसूही येत होतं.

"रंजीला सांगू नका," तो म्हणाला.

"नाही सांगत."

मी नाचणीचं गाठोडं घेऊन उतरले आणि त्याच्याशेजारी बसले. घाई नव्हती. त्याचं होईपर्यंत मी त्याच्या पाठीवर हात ठेवून होते, आणि पाठ चांगली ऊन लागत होती.